थँक्सगिव्हिंगला घरी: पिट्सबर्गहून 'पेनसिल्व्हेनियन'नं

ज्यांची मुलं पिट्सबर्गला शिकतात आणि घर न्यू जर्सीत आहे, त्या आईवडिलांसाठी आणि त्या मुलांसाठी हे लिहितेय. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या प्रवासी रेल्वेची, म्हणजे अ‍ॅमट्रॅकची 'पेनसिल्व्हेनियन' ही ट्रेन पिट्सबर्ग ते न्यूयॉर्क अशी धावते, दिवसातून एकदाच. गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आदल्या दिवशी, मी तिनं घरी गेले. विमान दीड तासात पोचवतं, कारनं सहा तास पुरतात. या ट्रेननं ट्रेंटनपर्यंतच साधारण साडेआठ तास जातात. तरी पुढच्या वर्षीही मी हीच ट्रेन धरणार आहे. का, ते नीट सांगते.

त्याआधीच्या वर्षी मी बसनं निघाले होते. कंपनीचं नाव घेत नाही. मंगळवारी रात्री दहाची बस होती. साडेबारापर्यंत आम्ही वीसेक मुलं डाउनटाउनच्या फुटपाथवर उभी होतो, फोनवर दर अर्ध्या तासानं 'बस मार्गावर आहे' असा निरोप यायचा, आणि पावणेएकला बस रद्द झाल्याचा आला. दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या बस भरलेल्या. शेवटी मैत्रिणीचे वडील फिलाडेल्फियाहून तिला न्यायला आले, त्यांनी मलाही घेतलं. गुरुवारी दुपारी अडीचला मी घरात पाऊल टाकलं तेव्हा आईनं ताटं मांडून ठेवली होती आणि कुणीच जेवलेलं नव्हतं. त्या रात्री आईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे मला बाबांनी नंतर सांगितलं.

या वेळी तर पुण्याहून आजी आलेली. ऑक्टोबरात आली, एप्रिलपर्यंत राहणार. तिच्या जिवाला घोर लावायचा नाही असं मी ठरवलंच होतं. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेनचं तिकीट काढलं. हे लवकर करा. डबे भरत जातात तसं तिकीट महागत जातं आणि थँक्सगिव्हिंगचा आठवडा म्हणजे आपल्याकडच्या दिवाळीच्या गर्दीसारखा. १७ ते २४ वयाच्या विद्यार्थ्यांना १५ टक्के सवलत असते, ती तिकीट काढतानाच निवडावी लागते. मला सवलत धरून ६९ डॉलर पडले.

सामानाचं मुलांना आधी सांगून ठेवा, कारण विमानापेक्षा इथं फार सुख आहे. ५० पौंडांपर्यंतच्या दोन बॅगा आपल्याबरोबर डब्यात नेता येतात, वेगळे पैसे नाहीत. ५० पौंड म्हणजे जवळपास २३ किलो, भारतातून येताना आपण वजनकाट्यावर बॅग ठेवून श्वास रोखतो तोच आकडा. माझ्या एका बॅगेत तीन आठवड्यांचे धुवायचे कपडे होते. दुसरीत पुस्तकं आणि आईचे चार स्टीलचे डबे. ऑगस्टमध्ये त्यातून चिवडा, शंकरपाळे, मेतकूट आणि भाजणी आली होती. दोन डबे आजीच्या लग्नातले आहेत, झाकणावर तिचं नाव कोरलेलं, 'सौ.' धरून. रिकामा डबा परत पाठवायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आमच्याकडे इतकं पक्कं आहे की मी आदल्या शनिवारी पिट्सबर्गच्या बाजारपेठेत, स्ट्रिप डिस्ट्रिक्टमध्ये जाऊन अक्रोड, सुकवलेली क्रॅनबेरी आणि भाजलेले काजू आणले आणि चारही डबे भरले.

ट्रेन सकाळी साडेसातला सुटते. पिट्सबर्गच्या ओकलंड या कॉलेजांच्या भागातून डाउनटाउनच्या सिटी बस पहाटेपासून असतात, पण बॅगा जड असतील तर दोघी-तिघींनी मिळून टॅक्सी करा. जुनं युनियन स्टेशन बघायला पाच मिनिटं हाताशी ठेवा. पुढच्या बाजूला मोठा घुमट आहे आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चार शहरांची नावं आहेत: न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो आणि पिट्सबर्ग. पिट्सबर्गच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा 'एच' नाही, कारण इमारत बांधली तेव्हा सरकारी दप्तरात शहराचं नाव तसंच लिहीत. आता वरच्या मजल्यांवर लोकांची घरं आहेत आणि प्रवासी मागच्या साध्या हॉलमधून जातात. त्या दिवशी हॉलमध्ये बहुतेक आमच्याच वयाची मुलं होती, उशा काखोटीला मारून.

डब्यात चढल्यावर कंडक्टर तिकीट स्कॅन करतात आणि तुम्ही कुठं उतरणार ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून डोक्यावरच्या पट्टीत खोचतात. माझ्या चिठ्ठीवर पेनानं 'टीआरई' लिहिलं होतं, म्हणजे ट्रेंटन. इतकी साधी गोष्ट, पण मला तिचा फार आधार वाटला. तुम्ही झोपलात तरी ती चिठ्ठी बघून ते उठवतात. माझ्या शेजारच्या मुलाला ग्रीन्सबर्गच्या पुढं झोप लागली होती, त्याला अल्टूनाच्या पाच मिनिटं आधी खांद्याला हात लावून जागं केलं. एकट्या पोरीला पहिल्यांदा पाठवताना आईबापांना जे हवं असतं ते हेच, की कुणीतरी बघतंय.

खुर्च्या ऐसपैस आहेत. पाय पूर्ण पसरता येतात, पाठ बरीच मागं जाते, चार्जिंगची सोय आहे. सेमिस्टरच्या शेवटी थकलेल्या माणसाला एवढं पुष्कळ होतं. कॅफेच्या डब्यात कॉफी चांगली गरम मिळते. आजी-आजोबांबरोबर प्रवास करणार असाल तर जेवण मात्र घरचं घ्या, शाकाहारी माणसाला दिवसभर बेगल आणि चिप्सवर काढणं जड जातं. मी आदल्या रात्री भाजणीचे धपाटे केले होते आणि दह्याऐवजी लिंबाचं लोणचं. आठवणीनं तेल जास्त घातलं, त्यामुळे दुपारपर्यंत मऊ राहिले.

आजी साडेआठपासून फोन करायला लागली. "आता कुठं आलीस?" हा प्रश्न तिनं त्या दिवशी सात वेळा विचारला. तिच्यासाठी प्रवास म्हणजे स्टेशनांची नावं. मी सांगायची आणि ती बाबांना वहीत लिहायला लावायची: लॅट्रोब, जॉन्सटाउन, अल्टूना, टायरोन, हंटिंग्डन. डोंगरात मधूनमधून फोनची रेंज जाते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर काळजी करत बसतील.

जॉन्सटाउनला ट्रेन नऊच्या सुमारास येते. दोन्ही बाजूंनी उभे डोंगर, मध्ये नदी, आणि नदीवर जुना दगडी पूल, त्यावरूनच आपण जातो. हे शहर ३१ मे १८८९ रोजी वाहून गेलं. वर डोंगरात साउथ फोर्कला मातीचं धरण होतं. ते एका क्लबच्या मालकीचं होतं आणि पिट्सबर्गचे कारखानदार त्या क्लबचे सभासद, पोलादाच्या धंद्यातले अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक त्यांत होते. तलावात मासेमारी आणि होड्या चालायच्या. धरणाची डागडुजी नीट झाली नाही, मोठा पाऊस आला आणि धरण फुटलं. २,२०० हून जास्त माणसं गेली. वाहून आलेली घरं, झाडं, रेल्वेचे डबे या दगडी पुलाला येऊन अडकले आणि त्या ढिगाऱ्यानं पेट घेतला. पाण्यातून वाचलेली माणसं तिथं आगीत गेली.

हे मला पहिल्या वर्षाच्या एका वर्गात शिकवलं होतं. पूल ओलांडताना मी आजीला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आमचं पानशेत तसंच."

आजी नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पानशेतचा विषय आमच्या घरात निघायचा, पण नेहमी मोठ्या माणसांच्या बोलण्यात, अर्धवट. त्या सकाळी ट्रेनमध्ये मला पहिल्यांदा तिनं स्वतः सगळं सांगितलं. लकडी पुलावरून पाणी जातंय असं कुणीतरी ओरडत आलं. तिच्या वडिलांनी तिला आणि धाकट्या भावाला हाताला धरून पर्वतीच्या दिशेनं चालवलं, पळवलं नाही, कारण भावाच्या पायात चप्पल नव्हती. पाणी उतरल्यावर परत आले तर घरात गुडघाभर चिखल. भांडीकुंडी गेली होती. चिखल उपसताना फक्त जातं सापडलं, जागच्या जागी. "जड होतं ना, म्हणून राहिलं," आजी म्हणाली. "आईनं ते धुतलं आणि मग रडली. तोवर रडली नव्हती."

हे ती बोलत असताना ट्रेन कोनमॉ नदीच्या खोऱ्यातून चढत होती आणि मी खिडकीला कपाळ टेकून ऐकत होते. समोर पानं झडलेली झाडं, खडकांवर गोठलेल्या पाण्याच्या धारा. कारमध्ये असते तर बाबांनी गाणी लावली असती. विमानात असते तर फोन बंद असता. एवढा निवांत वेळ मला आजीबरोबर घरी गेल्यावरही मिळत नाही, घरात तिचा हात सतत कशात तरी असतो. ट्रेनबद्दल माझं जे काही मत झालं ते त्या पाऊण तासात झालं, हे मी मोकळेपणानं सांगते.

त्यानंतर गॅलिट्झिनचा बोगदा येतो आणि बोगद्यापुढं हॉर्सशू कर्व्ह, म्हणजे घोड्याच्या नालेसारखं वळण. कंडक्टर आधी घोषणा करतात. त्याच्या आधीच कोणत्या बाजूनं चांगलं दिसतं ते त्यांना विचारून ठेवा, आनंदानं सांगतात. दरी इतकी खोल की सरळ रूळ टाकणं शक्यच नव्हतं, म्हणून पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या जे. एडगर थॉमसन यांनी रूळ दरीच्या एका कडेनं आत नेले, टोकाशी वळवले आणि दुसऱ्या कडेनं बाहेर काढले. आयर्लंडहून आलेल्या मजुरांनी कुदळ-फावड्यांनी डोंगर कापला. १५ फेब्रुवारी १८५४ ला हा मार्ग खुला झाला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली १६ एप्रिल १८५३ ला, म्हणजे दोघांत जेमतेम दहा महिन्यांचं अंतर.

वळणावर आपल्याच ट्रेनचं इंजिन खिडकीतून समोर दिसतं. पलीकडच्या रुळावरून एक मालगाडी वर चढत होती, इतकी लांब की तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही डोळ्यांसमोर दरीच्या दोन बाजूंना होते, आणि शेवटी दोन इंजिनं तिला मागून ढकलत होती. मी ओरडलेच, "आजी, बँकर!" पुण्या-मुंबईच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कर्जतला गाडीला मागून बँकर लागतात आणि ती लोणावळ्यापर्यंत घाट चढते, आणि ते लागेपर्यंत आपण फलाटावर बटाटेवडा खातो. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट, हॉर्सशूचा साधारण ५४ फुटांना एक. आपला घाट जास्त उभा आहे. हे आजीला सांगितल्यावर तिला जो आनंद झाला तो फोनवरूनही कळला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हिवाळ्यात हे वळण बघायचं तर पिट्सबर्गहून येतानाच बघा. न्यूयॉर्कहून परत जाणारी ट्रेन तिथं संध्याकाळी पाचच्या पुढं पोचते आणि नोव्हेंबरअखेर तोपर्यंत अंधारतं. सुट्टी संपवून परतताना मला खिडकीत फक्त माझाच चेहरा दिसला.

अल्टूनापासून हॅरिसबर्गपर्यंत तीन तास जातात आणि ते बरेचसे जुनियाटा नदीच्या काठाकाठानं. इथं मी झोपले. जागी झाले ती सस्क्वेहाना ओलांडताना. नदी रुंद आणि उथळ, जागोजागी खडक वर आलेले, थेट भीमा-नीरेच्या उन्हाळ्यातल्या पात्रासारखी. रॉकव्हिलचा हा पूल १९०२ चा, दगडी, ४८ कमानींचा. पूल संपेपर्यंत मी पाण्याकडेच बघत होते.

हॅरिसबर्गच्या पुढं रूळ अ‍ॅमट्रॅकचे स्वतःचे आहेत, त्यामुळे वेग वाढतो. त्याआधीचे रूळ नॉरफोक सदर्न या मालवाहतूक कंपनीचे आहेत आणि दिवसाला एकच प्रवासी गाडी असण्याचं ते एक मोठं कारण. दुसरी गाडी सुरू करण्यासाठी राज्य सरकार आणि नॉरफोक सदर्न यांच्यात २०२२ साली करार झाला. ती धावायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. सकाळची चुकली तर पुढची दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि सणाच्या आदल्या दिवशी त्याचा अर्थ सण चुकणं. या मार्गावर हजारो विद्यार्थी राहतात आणि प्रत्येकाकडे कार नाही. या एका बाबतीत मी ट्रेनला पूर्ण गुण देऊ शकत नाही.

लँकेस्टरच्या आसपास आमिश लोकांची, म्हणजे अजून जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, शेतं लागतात. मक्याची कापणी झालेली, अंगणात दोरीवर काळे-निळे कपडे ओळीनं वाळत घातलेले, रस्त्यावर घोडागाडी. आमच्या डब्यात एक आमिश कुटुंबही चढलं. त्यातल्या आजींनी टोपलीतून सफरचंद काढून सुरीनं चिरलं आणि चार नातवंडांना फोड फोड वाटलं. मी तेव्हाच धपाटे काढले होते. त्यांच्यातल्या एका मुलीची नजर डब्यावर होती म्हणून एक तुकडा पुढं केला. तिनं आधी आजीकडं बघितलं, आजींनी मान हलवली, मग घेतला. तिखट लागलं असणार, पण तिनं संपवला. बदल्यात मला सफरचंदाच्या दोन फोडी मिळाल्या.

फिलाडेल्फियाला ट्रेन बराच वेळ थांबते. डिझेलचं इंजिन काढून विजेचं लावतात आणि ते दुसऱ्या टोकाला, त्यामुळे इथून पुढं आपण पाठमोरे बसून जातो. काही मिनिटं दिवे जातात, घाबरू नका. खंडाळ्याच्या घाटात पूर्वी अशीच दिशा बदलायची, तिथं त्यासाठी वेगळं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, असं बाबांनी सांगितलं. ज्यांना उलटं बसून मळमळतं त्यांनी तेवढा अर्धा-पाऊण तास डोळे मिटावेत.

डेलावेअर नदी ओलांडताना शेजारच्या पुलावर मोठ्या अक्षरांत 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स' दिसतं, की समजायचं न्यू जर्सी आलं. ट्रेंटनला उतरून मी एनजे ट्रान्झिटची, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी वाहतूक सेवेची, लोकल धरली. तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं. एडिसन-आयसेलिनकडच्या लोकांना मेट्रोपार्क स्टेशन सोयीचं, कारण तिथं गाडी लावायला जागा मिळते. मिडलसेक्सच्या आणखी वरच्या भागात किंवा जर्सी सिटीकडे राहत असाल तर 'पेनसिल्व्हेनियन'मधून थेट नेवार्कला उतरा.

मेट्रोपार्कला बाबा आले होते आणि आजीही, आईची कानटोपी घालून, गाडीतून उतरून पायऱ्यांच्या तोंडाशी उभी. थंडीत उभी राहू नकोस म्हटलं तर म्हणाली, "सात वेळा विचारलं, आठव्यांदा बघायला नको?" घरी आल्यावर तिनं पहिले डबे काढले. झाकण उघडून अक्रोड बघितले आणि डबा आईपुढं धरला, काही न बोलता. आई म्हणाली, "शिकवलेलं वाया गेलं नाही हो."

दुसऱ्या दिवशी लाल भोपळ्याचे घारगे झाले आणि क्रॅनबेरीचं लोणचं, करवंदाच्या लोणच्यासारखं, मोहरी फेसून. सगळे वेळेवर जेवलो.

सुट्टीत आजीनं ती स्टेशनांची वही तीन वेळा उघडली आणि प्रत्येक वेळी जॉन्सटाउनपाशी थांबली. तिला तो पूल बघायचाय. म्हणून एप्रिलच्या पहिल्या शनिवारची दोन तिकिटं मी काढली आहेत, ट्रेंटन ते पिट्सबर्ग. ६५ च्या पुढच्यांना १० टक्के सवलत आहे, ती तिला लागली. तोवर दिवस मोठे झालेले असतील, म्हणजे वळणावर उजेड असेल, आणि जॉन्सटाउनला पोचू तेव्हाही बाहेरचं दिसेल. माझ्या खोलीत तिला दोन रात्री राहता येईल, रूममेटनं तिची खाट देऊ केली आहे. आजीनं आत्तापासून विचारायला सुरुवात केली आहे की ट्रेन पुलावर हळू जाते की जोरात. हळू जाते. स्टेशन अगदी जवळ आहे तिथून.